लेन्स नंतर घ्या, आधी फांदी निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांपासून पक्ष्यांचे फोटो काढताय, कॅमेरा साधा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे छोट्या सेन्सरचा, लेन्स ७०-३०० मिलिमीटरची. फोटोत पक्षी ओळखू येतो, पण पोर्ट्रेट म्हणावं असं काही हाती लागत नाही. जवळ गेलं की पक्षी उडतो. मग १५०-६०० ची लांब लेन्स घ्यावी का, आणि पक्ष्याची फ्रेम लावायची कशी? सोबत तारेवर बसलेल्या खंड्याचा फोटो जोडलाय.

त्या खंड्यापासूनच सुरू करतो. तो विजेच्या तारेवर बसलाय, तुम्ही खालून वर बघताय. मागे पांढरंफटक आभाळ, पोट काळवंडलेलं, आणि फोटो इतका क्रॉप केलाय की पिसांचा पार भुगा झालाय. आता हाच खंड्या तिथूनच ६०० नं टिपला असता तर काय झालं असतं? पिसं जरा बरी आली असती. तार जाड दिसली असती. आभाळ तितकंच पांढरं, पोट तितकंच काळं आणि तुम्ही तितकेच खाली. म्हणजे तुमच्या प्रश्नात दोन दुखणी एकत्र आलीत: एक अंतराचं, एक जागेचं. अंतराच्या दुखण्यावर लेन्सचा थोडाफार गुण येतो. जागेच्या दुखण्यावर येत नाही. आणि माझ्या मते तुमचं मोठं दुखणं दुसरं आहे.

मी हा उद्योग १८ वर्षं करतोय. पहिली पाच-सहा वर्षं मी पक्षी शोधत हिंडायचो. नंतर कधीतरी फांद्या शोधायला लागलो, आणि तेव्हापासून माझे फोटो सुधारले. पुढचं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

कुठल्या पक्ष्याच्या किती जवळ जाता येईल, याला मात्र एक नियम नाही. पक्षी कुठला, त्याला माणसांची सवय किती, विणीचा हंगाम आहे का, तुमच्याकडे वेळ किती, या सगळ्यावर ते ठरतं. गावातल्या चिंचेच्या ढोलीतला पिंगळा पाच-सहा मीटरवरून तुमच्याकडे डोळे वटारून बघत बसेल. माळावरचा तसाच पिंगळा पन्नास मीटरवरून उडेल. उजनीच्या पाणफुगवट्यात, कुंभारगाव-डिकसळ भागात, मच्छीमारांच्या नावेत बसून गेलात तर राखी बगळा ढिम्म हलत नाही. तोच बगळा काठावरून चालत गेलात तर नजरेच्या टप्प्यात यायच्या आधी पसार होतो. नाव रोजची असते, चालत येणारा माणूस रोजचा नसतो.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय लेन्सची चर्चा म्हणजे नुसत्या गप्पा. चिमणी साधारण १५ सेंटिमीटरची. तिनं क्रॉप सेन्सरच्या फ्रेमची निम्मी रुंदी भरावी असं वाटत असेल, तर ३०० मिलिमीटरवर तुम्हाला चारेक मीटरवर असावं लागेल, ६०० वर आठेक मीटरवर. बस, फरक एवढाच. चार मीटर काय किंवा आठ मीटर काय, रानातल्या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या तितक्या जवळ तुम्ही चालत जाऊन पोचत नाही. दोन्ही वेळा पक्ष्यानंच तुमच्या जवळ यावं लागतं. उलट ६० सेंटिमीटरचा छोटा बगळा तुमच्या ३०० ला पंधरा मीटरवरूनही पुरतो. म्हणून आहे त्या लेन्सवर पुढचे सहा महिने मोठे आणि माणसाळलेले पक्षी घ्या: गायबगळे, वंचक, टिटवी, साळुंकी, कोतवाल, बागेतला दयाळ. ‘साधे पक्षी’ म्हणून नाक मुरडू नका. वंचकाचं चांगलं पोर्ट्रेट मी फार कमी बघितलंय.

पक्षी जवळ यावा यासाठी काय करायचं? बसायचं. खंड्या, वेडा राघू (हा पोपट नव्हे, माश्या टिपणारा छोटा हिरवा पक्षी), कोतवाल, खाटीक, गप्पीदास या सगळ्या पक्ष्यांची शिकारीची तऱ्हा एकच: ठरलेल्या जागेवर बसायचं, झेप घ्यायची, भक्ष्य पकडायचं आणि परत येऊन बसायचं. बऱ्याचदा त्याच काटकीवर. ही सवय म्हणजे आपल्यासारख्यांवर निसर्गाची कृपा आहे.

एक सकाळ सांगतो. पुणे जिल्ह्यातलं एक कोरडवाहू रान, जानेवारी महिना. आदल्या दिवशी कॅमेरा न नेता तासभर नुसतं बघून आलो होतो. हरभऱ्याच्या बांधावर बाभळीची एक वाळकी डहाळी कमरेएवढ्या उंचीवर बाहेर आलेली, आणि तिच्यावर वेड्या राघूंची ये-जा. डहाळीच्या मागे साठेक मीटरवर उसाचा फड. सात वाजता पोचलो, डहाळीपासून पाच मीटरवर पोतं अंथरलं, अंगावर घोंगडी घेतली, ट्रायपॉड बुटका करून लावला. पक्षी नसतानाच डहाळीच्या टोकावर फोकस केला, चार फोटो काढले आणि पडद्यावर मोठे करून पाहिले. उजव्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं चमकत होतं: फडाच्या कडेला अडकलेली खताची गोणी. हातभर उजवीकडे सरकलो, गोणी गेली. हे पक्षी आल्यावर करायचं काम नव्हे.

तेवढ्यात शेताचे मालक आले. आदल्या दिवशी मी त्यांच्या मुलाला विचारलं होतं, त्यांना नव्हतं. ‘काय दादा, मोजणी आली का? रस्ता जातोय का आमच्यातून?’ राघूचे फोटो काढतोय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर तुम्हालाही लवकरच ओळखीची होईल. पण बसू दिलं. शेतात बसायचं तर आधी विचारा. शिष्टाचार म्हणून तर खरंच, पण शेतकरी ओरडत आला की पक्षीही जातात आणि सकाळही.

साडेसातला ऊन डहाळीवर आलं आणि पाच राघू येऊन एकमेकांना चिकटून बसले, थंडीत बसतात तसे, पिसं फुगवून. मी काही केलं नाही. पहिली दहा मिनिटं शटर दाबायचंच नाही, हा माझा नियम. आपला आकार, आपलं तिथं असणं त्यांना पचू द्यायचं. मग दोन-तीन क्लिक. शटरच्या आवाजानं माना वळल्या तर थांबायचं. हळूहळू एकेक जण शिकारीला निघाला. त्यातला एक मधमाशी घेऊन परत आला, डहाळीवर तिला आपटलं, मग तिचं बूड फांदीवर घासघासून काटा काढला. तो त्या कामात इतका गुंगला होता की मी चाळीसेक फोटो काढले तरी त्याला पत्ता नव्हता. त्यांतले दोन ठेवलेत.

पक्षी तुमचं असणं पचवतोय की वैतागलाय हे ओळखायला शिका, लेन्सपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. पिसं सैल आहेत, तो अंग साफ करतोय, एका पायावर उभा आहे, म्हणजे निवांत आहे. मान ताठ झाली, पिसं अंगाला चिकटली, चरणं थांबलं, म्हणजे तुम्ही मर्यादा ओलांडलीत. शीट टाकून किंचित वाकला, म्हणजे निघालाच. पुढे सरकावंच लागलं तर त्याच्याकडे सरळ रोखून जाऊ नका. तिरकं जा, मध्येच बसा, दुसरीकडे बघा. धनगर मेंढरं घेऊन गेला तरी माळावरचे पक्षी फार मनावर घेत नाहीत, कारण त्याचं त्यांच्याकडे लक्षच नसतं. आणि गाडी जाऊ शकते तिथं गाडीसारखी लपण नाही. इंजिन बंद करा, नाहीतर थरथर फोटोत उतरते. काच खाली करून खिडकीवर बीनबॅग ठेवा. माझी बीनबॅग म्हणजे जुन्या जीन्सचा एक पाय दोन्हीकडून शिवून तांदूळ भरलेला आहे. पावसाळ्यात त्यात पोरकिडे होतात, तेवढं सांभाळा.

आता उंची. उभ्या माणसाचा कॅमेरा पाच-साडेपाच फुटांवर असतो. जमिनीवरच्या टिटवीचा फोटो तिथून काढला की तिच्या लगेच मागची माती हीच पार्श्वभूमी होते, आणि ती तिच्या इतकी जवळ असते की प्रत्येक खडा स्पष्ट येतो. तेच पोटावर पडून काढा. आता टिटवीच्या मागे शंभर मीटरवरचा बांध आहे, आणि तो लोण्यासारखा विरघळलेला आहे. कॅमेरा तोच, लेन्स तीच. शिवाय नजर तिच्या पातळीला आली. पोर्ट्रेट वाटतं ते बरंचसं यामुळे. वरून काढलेला पक्षी ‘दिसलेला’ वाटतो, बरोबरीनं काढलेला ‘भेटलेला’ वाटतो.

पुण्याजवळ कवडीपाटला धोबी आणि तुतारी हे काठावरचे छोटे पक्षी या पद्धतीनं काढायचे तर मुळा-मुठेच्या काठावर आडवं पडावं लागतं. अख्ख्या शहराचं सांडपाणी त्या नदीत येतं, तेव्हा वासाची तयारी ठेवून जा. नदीवरचा फेस दुरून पांढऱ्या मऊ ढगासारखा येतो आणि फोटो भलताच सुंदर दिसतो, हे मला अनेक वर्षं खटकत आलंय. हल्ली मी कधीकधी धोब्याच्या शेजारची प्लॅस्टिकची पिशवी मुद्दाम फ्रेममध्ये राहू देतो. तेही त्याचं पोर्ट्रेटच आहे.

पार्श्वभूमी ठरली की मग फ्रेम. सगळ्यात आधी डोळा. बाकी पक्षी अंधूक असला तरी चालतो, डोळा नाही. चार मीटरवर, ३०० मिलिमीटर, एफ/५.६ ला (हे लेन्सच्या छिद्राचं माप) तुमच्या कॅमेऱ्यात स्पष्ट येणारी खोली जेमतेम पावणेचार सेंटिमीटर आहे. ६०० नं आठ मीटरवरून काढलंत तरी जवळपास तेवढीच, कारण पक्षी फ्रेममध्ये तितकाच मोठा आहे. त्यामुळे मधल्या बिंदूनं फोकस करून मग कॅमेरा फिरवायची सवय सोडा. डोळा जिथं यायला हवा, तिथं फोकसचा बिंदूच सरकवून ठेवा. नव्या कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा आपोआप सापडतो, पण तेही मध्ये काटकी आली की गोंधळतात.

डोळ्यात उजेडाचा ठिपका हवा. कोतवाल काळा, डोळा गडद लाल. ठिपका नसेल तर डोळा चेहऱ्यात बुडतो. गंमत म्हणजे कोतवालाच्या चोचीच्या मुळाशी एक बारीक पांढरा ठिपका असतो, आणि नवखे लोक त्यालाच डोळा समजून फोकस करतात. मीही केलंय. वेड्या राघूचं तसंच: लाल डोळा बरोबर काळ्या पट्ट्यात बसलेला. सूर्य तुमच्या पाठीशी, थोडा बाजूला असेल तर ती लाली उमटते, नाहीतर तिथं नुसतं एक काळं भोक. पक्ष्यांना पापण्यांखेरीज एक अर्धपारदर्शक पडदाही असतो, तो क्षणभर डोळ्यावर ओढला जातो आणि डोळा दुधी, मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. म्हणून एकच फोटो काढू नका, तीन-चारची छोटी सर घ्या. दोनशेची नको, घरी बसून निवडताना जीव जातो.

डोक्याची दिशा ही पोर्ट्रेटमधली सगळ्यात नाजूक गोष्ट. पूर्ण बाजूनं दिसणारा पक्षी चालतो. आपल्याकडे किंचित, अगदी बोटभर वळलेला त्याहून छान. पलीकडे बोटभर वळलेला मात्र वाया गेला. फरक इतका थोडा असतो की जागेवर कळत नाही. बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. बगळा आपल्याला बाजूनं दिसतो, तेव्हा तो आपल्याकडेच बघत असतो, एका डोळ्यानं. सरळ समोरून काढला तर दोन्ही डोळे कडेला जातात आणि तो बावळट दिसतो. पिंगळ्याचे डोळे समोर असतात, तो समोरूनच घ्यावा.

पक्षी ज्या बाजूला बघतोय तिकडे जागा सोडा, हे तुम्ही ऐकलं असेलच. किती सोडायची? ते शरीरावर ठरतं. लांब शेपटीच्या पक्ष्याला मागेही जागा लागते, आणि स्वर्गीय नर्तकाच्या नराला तर उभी फ्रेम केल्याशिवाय गत्यंतर नाही. कापायचंच असेल तर ठामपणे कापा: छातीपाशी, नुसतं डोकं आणि खांदा. शेपटीचं टोक किंवा पायाची बोटं निसटली की ती चूक दिसते. छातीपाशी कापलं की तो निर्णय दिसतो. पाण्यात उभा असेल तर प्रतिबिंब पूर्ण घ्या नाहीतर अजिबात घेऊ नका. सुरुवातीला थोडी सैल फ्रेम घ्या, घरी आवळता येते. सोडलेली जागा काढता येते, कापलेली शेपूट जोडता येत नाही.

सेटिंगचं फार मनावर घेऊ नका. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, सतत मान हलवणाऱ्या छोट्यांना १/१०००. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० झाला तर होऊ दे, दाणे चालतात, हललेला डोळा चालत नाही. बगळा गडद पाण्यापुढे असेल तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), नाहीतर त्याची पिसं नुसता चुना होतात. कोतवाल आभाळापुढे असेल तर एक स्टॉप किंवा त्याहून जास्त वाढवा. हिवाळ्यात सकाळचे सात ते साडेनऊ ही आपली वेळ. त्यानंतर माळ तापतो, हवा थरथरते, आणि दुरून काढलेल्या कुठल्याही फोटोत ती थरथर येते. तिथं दोन लाखांची लेन्सही मऊच फोटो देते. फुलांतला मध पिणाऱ्या शिंजिराला मात्र थेट ऊन हवं: त्याचा जांभळा-निळा रंग पिसांच्या सूक्ष्म थरांवरून उजेड परततो म्हणून दिसतो, कोन चुकला की तो नुसता काळा.

घरट्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जवळून फोटो म्हटलं की तो मोह येतोच. सुरुवातीच्या वर्षात घराजवळच्या जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं. समोरची एक फांदी आड येत होती म्हणून मी ती दोऱ्यानं बाजूला बांधली. फोटो झकास आले, आई भरवताना, तीन लाल चोची उघड्या. संध्याकाळी दोरा सोडायचा विसरलो. सकाळी घरटं रिकामं होतं आणि वर तारेवर कावळा होता. ते फोटो अजून माझ्याकडे आहेत, कुणाला दाखवले नाहीत. तेव्हापासून घरटं दिसलं की मी वाट बदलतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही मी करत नाही. विणीच्या दिवसांत तो प्रतिस्पर्धी आला समजून सगळं सोडून भांडायला धावतो.

पैसे देऊन बसायच्या तयार लपणांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. फोटो हमखास मिळतात, शिकायलाही हरकत नाही. पण तीच शेवाळलेली काटकी, तोच कोन, तीच हिरवी पार्श्वभूमी. शंभर जणांचा एकच फोटो. दाणापाणी टाकून बोलावलेल्या पक्ष्याच्या डोळ्यात मला तरी ती गंमत दिसत नाही.

आता लेन्स. घ्यायला हरकत नाही, फक्त कशासाठी घेताय ते माहीत असू द्या. दुप्पट अंतर मिळतं, हा एक फायदा. दुसरा फायदा कुणी सांगत नाही आणि तोच मोठा आहे: लांब लेन्सला मागचा फार अरुंद तुकडा दिसतो, त्यामुळे स्वच्छ पार्श्वभूमी शोधणं सोपं जातं. गोणीसाठी मला हातभर सरकावं लागलं, ६०० असती तर बहुधा सरकावंच लागलं नसतं. वजन मात्र दोन किलोच्या आसपास असतं, पोटावर पडून सरपटताना ते आठवतं. मोठ्या शहरांत भाड्यानं मिळते, दोन दिवस वापरून बघा, मग ठरवा.

त्याआधी त्या खंड्याकडे परत जा. तार आहे म्हणजे जवळपास विहीर किंवा मोटर असणार. दोन सकाळी कॅमेरा घरी ठेवा, नुसतं बघा: तारेवरून झेप घेऊन तो नाकतोडा उचलतो कुठून, आणि तो आपटायला बसतो कुठं. विहिरीचा कठडा असेल, शेवग्याची वाळकी फांदी असेल, बांधावरचा खांब असेल. ऊन पाठीशी येईल आणि मागे लांबवर एकाच रंगाचं पीक येईल अशी त्यातली एक जागा निवडा, आणि तिसऱ्या दिवशी सातला तिथं घोंगडी घेऊन बसा. मोटरच्या स्टार्टरच्या गंजलेल्या पेटीवर बसला तरी काढा. पेटीचा तो तांबूस गंज आणि त्याच्या पाठीचा निळा, मला तरी शेवाळलेल्या काटकीपेक्षा आवडेल.